भलत्याच्या नावावर गेलेली चाल

कुवाबारा तोकुजीच्या दुकानात माशाच्या वड्या घ्यायला गेलेल्या माणसाला वड्या मिळायच्या त्या मिळायच्याच, पण त्याबरोबर टर्टल्स या गावच्या बेसबॉल संघाचा अख्खा हंगामही ऐकून घ्यावा लागायचा. फेब्रुवारीत संघ सरावासाठी दक्षिणेकडे गेला की तोकुजीच्या बोलण्याला जो ऊत यायचा तो थेट ऑक्टोबरात उतरायचा. कुरेहामा गावातल्या लोकांना याची सवय होती. घाई असेल त्या दिवशी ते सरळ सुपरमार्केटात जायचे.

"यंदाचं ऐका," तोकुजी सुरीने वडीचे काप करता करता म्हणायचा. "पहिला गोलंदाज सासागावा. हात सोन्याचा, काळीज उंदराचं. पाच डाव बघत राहावं असं टाकेल आणि सहाव्यात गॅलरीत कुणी शिंकलं तरी बिथरेल. दुसरा डावखुरा, त्याचं लग्न झालंय, बायको सुगरण आहे, तेव्हा त्याचं काही सांगू नका. तिसरा गोलंदाज आपल्याकडे नाहीच. दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला शॉर्टस्टॉप चांगला, पण गुडघे गेलेत. तो व्हेनेझुएलाचा धिप्पाड गडी, लागला तर चेंडू समुद्रात, नाही लागला तर उभ्या उभ्या माशा मारतो. पण किरिशिमा!" इथे सुरी खाली यायची. "तिसऱ्या बेसवरचं नवं पोर. त्याच्या मनगटात काय आहे ते देवालाच ठाऊक. लिहून ठेवा, यंदा आपण तिसरे."

सहा संघांत तिसरं आलं की पुढच्या बाद फेरीत जागा. टर्टल्स बहुतेक वर्षी सहावे यायचे. पाचवे आले त्या वर्षी लोकांनी एकमेकांना पेढे द्यावेत तशा बिअर पाजल्या होत्या.

"आणि तेरामोतो?" एखादं खोडकर गिऱ्हाईक मुद्दाम विचारायचं.

"त्याचं नाव माझ्या दुकानात काढू नका. दूध नासतं."

तेरामोतो हा संघातला राखीव फलंदाज. अंगाने बैल, वयाने पस्तिशीला टेकलेला. ऐन मोक्याच्या वेळी त्याला दुसऱ्याच्या जागी बॅट घेऊन पाठवायचे आणि तो ऐन मोक्याच्या वेळी हवा कापून परत यायचा. चेंडू गुडघ्याखाली पडत असला तरी बॅट फिरवणार, डोक्यावरून जात असला तरी फिरवणार. समोरच्या संघाचा पोरगेला गोलंदाजसुद्धा त्याला बघून हसू दाबायचा.

"अहो, बाईंना सहा वड्या हव्यात, संघ नकोय," आतून हारुए ओरडायची. हारुए म्हणजे तोकुजीची बायको. तिने जन्मात एकही सामना मैदानावर जाऊन पाहिला नव्हता, आणि नवऱ्यापेक्षा तिचंच म्हणणं हंगामाअखेर खरं ठरायचं, कारण ती दर वर्षी एकच म्हणायची, "हरतील."

आता तोकुजी नुसता बडबड्या असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण तो उजव्या गॅलरीतल्या चाहत्यांच्या पथकाचा पहिला ट्रम्पेटवाला होता. त्याने ट्रम्पेट तोंडाला लावलं की ढोल सुरू व्हायचे, झेंडे हलायचे आणि अख्खी गॅलरी गायला लागायची. प्रत्येक फलंदाजाचं वेगळं गाणं. तो बॅट घेऊन आला की त्याचं गाणं सुरू, बाद होईपर्यंत किंवा बेसवर पोचेपर्यंत तेच पुन्हा पुन्हा. ही गाणी पथकातलीच माणसं रचायची. गेली वीसेक वर्षं तोकुजीने पुष्कळ रचली होती, आणि खरं सांगायचं तर एकही कुणाच्या तोंडात बसलं नव्हतं. लोक ती म्हणायचे, पण सरकारी सूचना वाचून दाखवावी तशी म्हणायचे.

त्या हिवाळ्यात मात्र काहीतरी झालं. माशाचा लगदा मळता मळता तोकुजीला एक चाल सुचली. पहिल्या दोन ओळी अगदी साध्या, खालच्या सुरात, आणि तिसऱ्या ओळीला ती अशी काही वर चढायची की त्याचे हात लगद्यातच थांबले. त्याने ती किरिशिमासाठी बांधली. रोज पहाटे मळताना गुणगुणायचा आणि रोज तिसऱ्या ओळीला त्याचा गळा दाटून यायचा. हारुएला वाटलं, ह्यांना सर्दी झाली आहे.

फेब्रुवारीअखेर पथकाचे लोक इवानेसानच्या सायकलच्या दुकानावरच्या माडीवर जमले. इवानेसान पथकाचे प्रमुख. कुणी कुणाचं गाणं रचायचं याच्या चिठ्ठ्या तिथे बिस्किटाच्या डब्यातून काढायची पद्धत होती. तोकुजीने डोळे मिटून हात घातला आणि चिठ्ठी उघडली. तेरामोतो.

किरिशिमा इवानेसानना आला होता.

"इवानेसान, बदला ना," तोकुजी काकुळतीला आला. "तुम्ही म्हणाल ते देतो. वर्षभर वड्या फुकट."

"चिठ्ठी ती चिठ्ठी, कुवाबारासान. मी नियम मोडला तर उद्या हे सगळे माझ्या डोक्यावर बसतील."

तोकुजी पाय आपटत घरी आला. दोन दिवस तोंड फुगवून बसला. तेरामोतोसाठी नवीन चाल करायची त्याची तयारीच नव्हती, त्याच्यासाठी लगद्यात हातसुद्धा घातले नसते. मग तिसऱ्या दिवशी त्याच्या डोक्यात एक किडा वळवळला. पथकाचा दुसरा नियम असा होता की गाणं खेळाडूचं, पण खेळाडूने गणवेश उतरवला की चाल रचणाऱ्याला परत. आणि तेरामोतो किती दिवस टिकणार? यंदाच्या यंदा त्याला नारळ मिळणार हे शेंबडं पोरही सांगेल. तोवर तो मैदानात येणार क्वचित, गाणं ऐकणार कोण? म्हणजे चाल वर्षभर तेरामोतोकडे ठेव म्हणून ठेवायची आणि पुढच्या वर्षी हक्काने किरिशिमाला द्यायची. तोकुजी स्वतःवरच खूश झाला. किरिशिमा काढलं, तेरामोतो घातलं, चार अक्षरांच्या जागी चार अक्षरं. गाणं तयार.

एप्रिलमध्ये घरच्या मैदानावर पहिला सामना. टर्टल्स सात धावांनी मागे, लोक उठून चाललेले, आणि मॅनेजरने तेरामोतोला पाठवलं. तोकुजीने चाल वाजवली. दुसऱ्यांदा तिसरी ओळ आली तेव्हा उठून चाललेली माणसं जिन्यात थांबली. तिसऱ्यांदा आली तेव्हा ती परत येऊन बसली. पाठीवर बिअरची टाकी घेतलेल्या पोरी ग्लास भरायचं विसरल्या. तेरामोतो नेहमीप्रमाणे तीन वेळा हवा कापून बाद झाला, आणि गॅलरीतून आवाज आला, "अरे, एवढ्यात? पुन्हा पाठवा ना त्याला."

मे महिन्यापर्यंत ती चाल गावभर झाली. लिलावातले मासेवाले ती शिट्टीवर वाजवायचे. बालवाडीतली पोरं हात धुताना म्हणायची. गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात तोकुजी मानेपर्यंत गरम पाण्यात बसला असताना पलीकडे कुणी अनोळखी म्हातारा तीच आळवत होता, आणि तोकुजीची छाती अशी फुगली की पाणी काठावरून सांडलं. मग म्हाताऱ्याने शेवटी नाव घेतलं, तेरामोतो, आणि तोकुजी नाकापर्यंत बुडाला.

इथून खरा घोळ सुरू झाला. लोकांना गाणं म्हणायचं होतं, आणि तेरामोतो मैदानात आल्याशिवाय ते म्हणता येत नव्हतं. म्हणून सहाव्या डावापासूनच गॅलरी त्याच्या नावाने गजर करायची. क्लबने गाण्याच्या ओळी छापलेले टॉवेल काढले, ते हातोहात खपले. मग मॅनेजर तरी काय करणार? एखाद्या दिवशी पाठवायचा तो रोज पाठवायला लागला. आणि यंदा, नेमकं यंदा, टर्टल्स खरोखरच तिसऱ्या जागेसाठी झुंजत होते. सासागावा शिंकांना घाबरेनासा झाला होता. किरिशिमा तर धावांचा पाऊस पाडत होता, बिचाऱ्याला इवानेसाननी रचलेलं गाणं मात्र असं होतं की ऐकून भात करपावा. तीन बेस भरले की तेरामोतो यायचा, वीस हजार माणसं गळा काढून गायची, आणि तो गुडघ्याखालच्या चेंडूवर बॅट फिरवून सगळ्यावर पाणी ओतायचा.

तोकुजीने स्थानिक रेडिओच्या क्रीडा कार्यक्रमाला फोन करायला सुरुवात केली. एकदा म्हातारीचा आवाज काढून, एकदा कॉलेजातल्या मुलाचा. "तेरामोतोला घरी बसवा. संघाचं वाटोळं होतंय." तिसऱ्या फोनला निवेदक गोड आवाजात म्हणाला, "आभारी आहोत, वड्यावाले काका. तुमच्या मिसेस मागे भांडी घासताहेत का? ऐकू येतंय."

"लाज नाही वाटत?" हारुएने हात पुसत विचारलं. "तुम्हाला संघ जिंकायला हवाय, की तुमची चाल त्या किरिशिमाला द्यायची आहे?"

"दोन्ही एकच आहे."

"मग ती वाजवताना डोळे का मिटता? टीव्हीवर दिसता तुम्ही."

तोकुजीने चहा कडू झाल्याची तक्रार केली.

हंगामाचा शेवटचा सामना रविवारी दुपारी होता. जिंकले तर तिसरे. बरोबरी झाली तरी चौथे, घरी बसा. शनिवारी संध्याकाळी तोकुजी दुकान आवरत होता, तेव्हा दारावरचा पडदा बाजूला करून एक भलामोठा माणूस वाकून आत आला. तेरामोतो.

वर्षभर ज्याच्या नावाने बोटं मोडली तो समोर उभा, आणि तोकुजीची मान आपोआप लवायला लागली ती थांबेच ना. हारुएने पुढे होऊन स्टूल दिलं. तोकुजीने त्याच्यापुढे वड्यांची बशी ठेवली, मग दुसरी ठेवली.

"गाणं तुम्ही रचलंय असं कळलं, काका," तेरामोतो म्हणाला. "आभार मानायला आलो. क्लबने सांगितलंय, मला पुढच्या वर्षी ठेवणार नाहीत. म्हणजे उद्याचा शेवटचा."

वर्षभर ज्याची वाट पाहिली ती बातमी. तोकुजीला आनंद व्हायला हवा होता. तो बशीतल्या वड्या सरळ करत बसला.

"एक विनंती आहे. राग मानू नका," तेरामोतो खाली बघत म्हणाला. "उद्या माझ्या वेळेला गाणं वाजवू नका."

"का?" हे हारुएने विचारलं.

"ती तिसरी ओळ आहे ना, जिथे वर चढतं, तिथे माझे हात हलत नाहीत. लाकूड होतात. ऐकतच राहतो. मला माहीत असतं ती येणार, म्हणून ती यायच्या आत समोर दिसेल त्या चेंडूवर बॅट फिरवून घेतो, खालचा, वरचा, काहीही. पहिल्यापासून मी काही मोठा फलंदाज नव्हतो, पण यंदा इतका वाईट..." तो ओशाळून हसला. "एवढं चांगलं गाणं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं हो. पण उद्या मला एकदा नीट मारायचंय. शांततेत."

तोकुजीने मान हलवली. तुझ्यासाठी केलं नव्हतं रे बाबा, हे वाक्य घशापर्यंत आलं होतं, ते त्याने वडीबरोबर गिळलं. तेरामोतो गेल्यावर तो बराच वेळ ओटा पुसत राहिला.

"नाही वाजवणार," तो शेवटी म्हणाला.

"जमेल का तुम्हाला? तुमचे हात तुमचं ऐकत नाहीत," हारुए म्हणाली. "मी येते उद्या. ट्रम्पेट माझ्याकडे द्या."

दुसऱ्या दिवशी हारुए जन्मात पहिल्यांदा मैदानावर आली. तोकुजीने इवानेसानना तेरामोतोची विनंती सांगून ठेवली होती. सामना असा रखडला की नऊ डाव बरोबरीत गेले, दहावा, अकरावाही गेला, आणि शेवटचा बारावा डाव आला तेव्हा दिवे लागले होते. मॅनेजरने एकेक करून सगळे राखीव खेळाडू वापरून टाकले होते. दोन गडी बाद, तिसरा गेला की डाव संपला, तीनही बेस भरलेले, एक धाव आली की तिसरी जागा. आणि बाकावर उरला होता फक्त तेरामोतो.

गॅलरीने श्वास घेतला. इवानेसान उभे राहिले आणि दोन्ही हात वर करून त्यांनी सगळ्यांना गप्प राहायची खूण केली. तोकुजीने ट्रम्पेट पिशवीत घातलं, हारुएने पिशवी घेतली आणि तिच्यावर बसली.

अशी शांतता त्या मैदानात कधी झाली नव्हती. समुद्रावरच्या बोटीचा भोंगासुद्धा ऐकू आला. पहिला चेंडू, तेरामोतोने बॅट फिरवली, आणि काय सांगू, असा लागला की सगळे उभे राहिले. चेंडू उंच गेला, गेला, आणि खांबाच्या हातभर बाहेर पडला. धाव नाही, उलट एक चूक मोजली. पण लागला होता. तोकुजीने हारुएचा हात गच्च धरला. शांततेत येतं याला. दुसरा चेंडू खाली पडला, तेरामोतोने जोर लावून बॅट फिरवली आणि हवा कापली. आता आणखी एक चूक की सगळं संपलं.

तेव्हा वरच्या रांगेतून कुणीतरी हळूच गायला लागलं. इवानेसान मागे वळून डोळे वटारत होते, पण ते थांबणार कसं? दोनाचे दहा झाले, दहाचे हजार. ढोल नाही, झेंडा नाही, ट्रम्पेट नाही, नुसते गळे. तोकुजी घाबरून उभा राहिला, हात हलवून सगळ्यांना गप्प करू लागला. मग त्याला शेजारूनच गाण्याचा आवाज आला.

"तूसुद्धा?" त्याने हारुएला विचारलं.

"राहवत नाही हो," हारुए म्हणाली आणि पुन्हा गायला लागली. तिला सगळे शब्द पाठ होते.

ट्रम्पेट असलं की गाणं ठेक्यात राहतं. ट्रम्पेट नव्हतं, त्यामुळे ते वीस हजार लोक रेंगाळायला लागले. तिसऱ्या ओळीवर चढले ते चढलेच, खाली उतरायचं नावच घेईनात, एकेक सूर ओढून धरायला लागले. तिकडे तेरामोतो बॅट खांद्यावर धरून पुतळ्यासारखा उभा राहिला. गोलंदाजाला माहीत होतं की हा गुडघ्याखालच्या कशावरही बॅट फिरवतो, म्हणून त्याने गुडघ्याखाली टाकला. तेरामोतो हलला नाही. बाहेरचा चेंडू, एक. पुन्हा खाली टाकला. हलला नाही, दोन. गोलंदाजाने घाम पुसला, पुन्हा तसाच टाकला. तीन. आणखी एक बाहेरचा पडला असता तर तेरामोतोला पहिला बेस फुकट, आणि बेस भरलेले असल्यामुळे प्रत्येकजण एकेक घर पुढे, म्हणजे धाव.

लोक अजून त्याच ओळीवर होते. गोलंदाजाने आयुष्यभराची सगळी हुशारी त्या एका चेंडूत घातली. चेंडू मध्यावर आला आणि शेवटच्या क्षणी खाली पडला, ज्याच्यावर तेरामोतोने वर्षभर डोळे झाकून बॅट फिरवली होती अगदी तोच. तेरामोतोचे हात हलले नाहीत. चेंडू मागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्यात जमिनीला टेकून बसला, आणि पंचाने पहिल्या बेसकडे बोट दाखवलं.

पुढे काय गोंधळ झाला ते तोकुजीला नीट आठवत नाही. अनोळखी माणसं त्याच्या गळ्यात पडत होती. कुणीतरी त्याच्या डोक्यावर बिअर ओतली. तो आपला जागेवर बसून राहिला होता. वर्षभर त्याने ती चाल वाजवली होती, पण वाजवताना त्याच्या कानात सगळा स्वतःचाच आवाज असायचा. लोक गातात तेव्हा ती कशी लागते हे त्याने आज पहिल्यांदा ऐकलं होतं. आणि ते म्हणत होते ते नाव तिथे शोभत होतं. त्याचे डोळे वाहत होते, आणि हारुएने टर्टल्सचा टॉवेल त्याच्यापुढे धरला, तर तो नेमका तेरामोतोचा.

संघ गॅलरीपुढे नमस्कार करायला आला. तेरामोतो कुंपणाजवळ येऊन थांबला.

"काका, मारायचा होता हो," तो रडवेल्या तोंडाने म्हणाला. "हातच हलले नाहीत."

"पाहिलं," तोकुजी म्हणाला. "गेल्या वीस वर्षांत या संघातल्या कुणी एवढं चांगलं काही केलं नाही."

तेरामोतोने टोपी काढून त्याला वाकून नमस्कार केला. गॅलरीने पुन्हा गाणं सुरू केलं.

गर्दी ओसरायला लागल्यावर इवानेसान ढोल खांद्याला लावत आले. "कुवाबारासान, तेरामोतो आता गणवेश उतरवणार. नियमाप्रमाणे चाल तुमच्याकडे परत आली. मी म्हणतो, किरिशिमाला देऊन टाका. माझं ते गाणं ऐकून पोर बिचारं तोंड लपवतं."

हारुएने नवऱ्याकडे पाहिलं. तोकुजी पिशवीतून ट्रम्पेट बाहेर काढून त्यावर पडलेला पोचा बघत होता.

"किरिशिमाला मी नवीन करीन," तो म्हणाला. "ही त्याला नाही चालायची. नाव बसत नाही."

इवानेसाननी बोटांवर मोजलं. "कि, रि, शि, मा. चार. बसतंय की."

"नाही बसत," तोकुजी म्हणाला.